माफी नाही, मॅटिनीला चाललो

सूनबाई,

खऱ्या समीक्षकाने आजवर कोणाची माफी मागितलेली नाही. मीही मागणार नाही. दूध मात्र माझ्या हातून उतू गेलं, ओटा पुसलाय.

जुन्या कौटुंबिक संगीतपटाचा हा नवा अवतार, त्यात तुझ्या नवऱ्याने ध्वनिमुद्रणाचं काम केलंय, म्हणून मी खोटं बोलू? जुन्यात माणसं बोलणं खुंटलं की गायची. नव्यात गाऊन दमली की बोलतात. एवढंच म्हणालो, तर तो ताटावरून उठला. तू म्हणालीस, "बाबा, दोन शब्द गोड बोलला असतात तर जीभ झिजली असती?" झिजली असती. तिच्यावरच हे घर चाललं.

नव्या सिनेमातली आई गाण्याआधी श्वास घेते, तो ऐकू येतो. जुन्यात नव्हता. हे सांगणार होतो, तोवर तो उठला.

आता मी मॅटिनीला तो दुसरा, शहरातल्या बापलेकांचा सिनेमा पुन्हा बघायला चाललोय. एका खोलीत राहणारे बापलेक अडीच तास बोलत नाहीत. तुझा नवरा म्हणतो रटाळ. मला पटतो.

एकटा जाईन, मिनतवाऱ्या करणार नाही. फक्त तिकिटं काढताना सवयीने मोबाइल नंबर त्याचा दिला गेला, ती त्याच्याच फोनवर गेली. दोन आहेत. येताना माझा चष्मा शोधून आण म्हणावं; ही चिठ्ठी अंदाजानेच लिहिली आहे.

बाबा