पोलाद की फायबरग्लास

नागपूर

प्रिय देवकी,

दिवाळीनंतर पहिल्यांदा तुझा मेसेज आला, आणि तोही कशासाठी, तर बोटीचं कवच पोलादी असावं की फायबरग्लासचं हे विचारायला. तू आणि प्रीती मिळून गोव्यात जुनी शिडाची बोट घेणार, लक्षद्वीपला जाणार, पुढचं आयुष्य पाण्यावर काढणार, हे मला त्या प्रश्नाच्या ओघात कळावं? मी जन्मभर इंजिनिअरिंग कॉलेजच्या प्रयोगशाळेत धातू वाकवून आणि तोडून पाहिले, म्हणून मी आठवले. मैत्रीण म्हणून प्रीती, तज्ज्ञ म्हणून मी. छान वाटणी आहे.

आणि प्रीती! शाळेच्या सहलीत कन्हान नदीवर डोंग्यात पाय ठेवायला नको म्हणून सिस्टरचा हात धरून रडणारी प्रीती. तुझ्यासोबत डोंग्यात मी बसले होते. आता तिने पोहण्याचा क्लास लावला म्हणे. फोटो पाहिला. टोपी तिला शोभत नाही.

असो. प्रश्नाचं उत्तर देते, कारण चुकीचं उत्तर देण्याची मला सवय नाही. प्रवाळावर आपटली किंवा तरंगत्या ओंडक्यावर आदळली, तर पोलादी बोटीला पोचा पडतो, ती वाकते, पण सहसा फुटत नाही. फायबरग्लास तसं वाकत नाही. मार सोसतं, सोसतं आणि मग तडकतं. दणक्याचाच विचार केला तर पोलाद. पण तेवढ्याच वजनात ताकद मोजली तर फायबरग्लास पुढे. ते हलकं असतं, गंजत नाही आणि साध्या प्रवासाला पुरून उरतं. पोलादाचा खरा शत्रू खडक नव्हे, खारं पाणी. ते आतल्या बाजूने, जिथे हात पोचत नाही तिथे गंजतं. गंज खरवडा, रंग लावा, पुन्हा खरवडा, याला अंत नाही. तुझे गुडघे असे आणि प्रीतीला नखं जपायची. म्हणून दोघींसाठी माझं उत्तर फायबरग्लास. मन लावून दिलेलं आहे.

इथवरचं पत्र आमच्या मारोतरावांनी वाचलं. दुकान पुतण्याकडे सोपवल्यापासून ते घरीच असतात, आणि वरण माझ्यापेक्षा बरं करतात. म्हणाले, "तू काहून चिडून राहिली वं? जायचं हाय तर सांग ना तिले." मी म्हटलं, मी का सांगू, विचारायला तिला तोंड आहे. तुम्ही दोघींनी कुठेही बोलावलं की मी यांच्या जेवणाचं कारण पुढे करायचे, म्हणून या वेळी माझा नकार तुम्हीच परस्पर देऊन टाकला असणार. तो अधिकार तुम्हाला कुणी दिला? नाही म्हणायचं असेल तर मी म्हणेन, आणि या वेळी म्हणणार नव्हते. तेव्हा वरच्या उत्तरात एक दुरुस्ती. दोघी असाल तर फायबरग्लास. तिघी असू तर बेधडक पोलाद घे, गंज मी काढीन. कोणती घेतलीस तेवढं कळव. बाकी मला कळेल.

तुझीच, आणि प्रीतीच्या आधीपासूनची,
दीपमाला