थोडं म्हणजे किती?

मंगळवार, १० जून २०२५.

सकाळी साडेअकराला सर्व्हिस सेंटरचा मॅनेजर मला हसला. वर्षाच्या आतल्या गाडीतलं इंजिन ऑइल सर्व्हिसिंगच्या आधीच तळाला जातं, हे मी ऑइलची पातळी मोजायची डिपस्टिक काढून दाखवत होते.

"मावशी, नव्या गाड्या थोडं पितातच. तुमी कावून टेन्शन घेता? साहेबांना पाठवा, त्यांना समजावतो."

"साहेब वारले. समजवायला तुम्हालाच वर जावं लागेल."

थोडं म्हणजे किती? कॉन्व्हेंटमध्ये असं उत्तर लिहिलं असतं तर सिस्टरनी वही भिरकावली असती. उमापूरहून ताईला याच गाडीतून डायलिसिसला आणते मी. वाटेत इंजिन जाम झालं तर तिचं काय? पितातच म्हणे!

निघताना बजावलं, किती पिणं ठीक आणि कुठून बिघाड, ते सोमवारी संध्याकाळी पाचच्या आत सहीशिक्क्यानिशी लेखी द्या.