चारशे झाडं, एकोणीस सफरचंदं

प्रिय ईश्वर,

फोनवर मी दोन वाक्यं बोलले की 'अक्का, मीटिंग चालू आहे' म्हणून तू ठेवून देतोस. म्हणून कागदावर लिहिते आहे. कागद फाडायला तरी दोन हात लागतात, आणि तुझ्या एका हातात कायम मोबाईल असतो.

इकडे असोद्यात पारा पंचेचाळीसला टेकलाय. काल संध्याकाळी मी तुझ्या प्रसिद्ध बागेत शेवटच्या ओळीपर्यंत फिरले. चारशे झाडांवर एकोणीस फळं आहेत. सगळ्यात मोठं लिंबाएवढं, आणि तेही उन्हाकडच्या बाजूने भाजून काळं पडलेलं. तुझ्या जळगावच्या ऑफिसात जो मोठा फोटो लावलाय, लालभडक सफरचंदांनी वाकलेली फांदी आणि तिला हात लावून उभा असलेला तू, ती फांदी विहिरीजवळच्या झाडाची. त्या सकाळी तू बाजारातून दोन पेट्या आणल्या होत्यास. मी ओल्या फडक्याने एकेका सफरचंदावरचं स्टिकर काढलं आणि केळीच्या सोपटाच्या बारीक दोऱ्यांनी आपण दोघांनी ती फांद्यांना बांधली. एक स्टिकर राहून गेलं. रोपं घ्यायला आलेल्या एरंडोलच्या एका म्हाताऱ्याने ते नखाने खरवडून तुझ्याकडे पाहिलं, तर तू न अडखळता म्हणालास, 'आबा, आम्ही प्रत्येक फळाला नंबर देतो.' म्हातारा कौतुकाने मान हलवत पुढे गेला. तेव्हा मी तोंडाला पदर लावून हसले होते. आता ते हसणं आठवलं की स्वतःची किळस येते.

तू पहिल्यापासूनच असा. सहावीत असताना शाळेच्या प्रदर्शनात दुसऱ्याच्या मळ्यातला भोपळा आपला म्हणून ठेवलास आणि बक्षिसाची वही घेऊन घरी आलास. आई म्हणाली, पोरगं हुशार आहे. मीही तेच म्हणाले. चोरीला हुशारी म्हणायची सवय आपल्या घराला तेव्हाच लागली असावी.

माझे यजमान गेल्यावर मी माहेरी परत आले, तेव्हा तू मला ओव्हन आणून दिलास, हे मी विसरलेले नाही. दिवाळीत आपण ज्यांच्या बेकरीत नानकटाई भाजायला ट्रे घेऊन जायचो, त्या नूर महंमदभाईंच्या नसीमने मला केक शिकवला. बागेला पहिल्यांदा फळं धरली तेव्हा ती इतकी तुरट की बकरीनेही तोंड फिरवलं. नसीम म्हणाली, 'फेकू नको, गुळात शिजवून बघ.' दालचिनी घालून शिजवली. तुरटपणा पूर्ण गेला नाही, पण जरा शहाणा झाला. त्याचा केक केला. रंगाने मळकट, चवीला मात्र असा की नसीमच्या घरचे परत मागायला आले. तू एक घास खाल्लास आणि म्हणालास, 'अक्का, पाहुण्यांसाठी बाजारातल्या सफरचंदांचा कर. दिसायला पाहिजे.' मी तसा केला, पुढे पाच वर्षं केला. लोक झाडांकडे पाहताना शंका घ्यायचे, ऊन किती, थंडी कुठे, असं विचारायचे. केकचा तुकडा तोंडात गेला की गप्प होऊन रोपांची नोंदणी करायचे. झाडं तुझी होती, पण माणसं माझ्या केकने फसली. तुला नावं ठेवताना हे मी विसरत नाही.

मोगराबाई तुला आठवणार नाही. शिरपूरच्या पलीकडे, सातपुड्याच्या पायथ्याला तिचं गाव. चार वर्षांपूर्वी नवऱ्याबरोबर, सुपडूबरोबर आली होती. केकचा अर्धा तुकडा तिने सासूसाठी पदराला बांधून नेला होता. तू त्यांना सांगितलंस, या झाडाला दिवसभर ऊन लागतं, सावली चालत नाही. त्यांनी पन्नास रोपं नेली आणि बांधावरचे सहा जुने आंबे तोडले. सुपडूच्या आजाने लावलेले.

गेल्या महिन्यात ती एकटीच आली, तीन बस बदलून. पिशवीतून एक वाळकी फांदी काढून माझ्यापुढे ठेवली. मला वाटलं आता भांडेल. मी मनातल्या मनात उत्तरं जुळवत होते. ती म्हणाली, 'अक्का, मन्हं काय चुकनं तेवढं सांगा.' चार उन्हाळे तिने डोक्यावरून हंडे वाहिले. घरातले म्हणतात, हिच्या हाताला गुण नाही, हिने लावलेलं जगत नाही. आता तिला पेरणीच्या वेळी बियाण्याला हातसुद्धा लावू देत नाहीत. तरी तिच्या मनात तक्रार नव्हती. आपली चूक समजून घ्यायला ती आली होती.

आणि मी काय म्हणाले? पाणी कमी पडलं असेल, म्हणाले. ती मान डोलावून म्हणाली, 'हा, पानी कमी पडनं व्हई.' वर मी तिला वाटेत खायला केक बांधून दिला. तू केलं असतंस त्याहून हे वेगळं नव्हतं.

 आठ दिवसांनी मी तिच्या गावी गेले आणि अंगणात सगळ्यांसमोर सगळं सांगितलं: पेट्या, स्टिकरं, दोऱ्या, केक.  मोगराबाई उठून बांधावर गेली आणि तोडलेल्या एका आंब्याच्या बुंध्यावर आमच्याकडे पाठ करून बसली. सासूने तोंड वाकडं केलं. सुपडू हसला. म्हणाला, 'बाई बाईचं झाकतेच. साहेब येऊन सांगतील तेव्हा मानू.'

म्हणून हे पत्र. रविवारी दोंडाईच्याहून शेतकऱ्यांची बस येते आहे आणि पेट्या पाठवतो असा तुझा निरोप आहे. पेट्या परत जातील. आलेल्या लोकांना मी बाग आहे तशी दाखवणार आहे. निम्मी जमीन माझ्या नावावर आहे, त्यामुळे मला अडवायच्या भानगडीत पडू नकोस. पण तेवढं कळवायला मी एवढं लिहिलं नसतं. शनिवारी तू मोगराबाईच्या अंगणात उभा राहा आणि सुपडूला, तिच्या सासूला ऐकू जाईल असं म्हण, 'बाई, तुमचं काही चुकलं नाही. मी खोटं बोललो.' माझ्या खऱ्याला तिथे किंमत नाही आणि तुझ्यासारख्याच्या शब्दाला आहे, याच्याइतकं ओंगळ मला दुसरं काही वाटत नाही. पण तिचे हात तिला परत मिळायचे तर त्या घाणेरड्या शब्दाचीच गरज आहे. तू येशील असं मला वाटत नाही. तरी शनिवारी सकाळी सहाला मी जळगावच्या बसस्टँडवर असेन. साडेसहापर्यंत वाट पाहीन. मग एकटी जाईन आणि रविवारच्या लोकांसमोर बोलायला मोगराबाईला सोबत घेऊन येईन.

काही झालं तरी तुझीच,
रत्ना अक्का