विहिरीबद्दलचा तारांकित प्रश्न

१२ मार्च १९७३

कागद काढला, कार्बन बदलला, पुन्हा टाईप केलं. '(१) होय.' साहेबांनी पुन्हा खोडलं.

आमदारांचा प्रश्न: तळवड्याजवळच्या वस्तीतील पिण्याच्या विहिरीत कारखान्याचे सांडपाणी झिरपते, हे खरे आहे काय? तारांकित प्रश्नाचं मंत्री विधानसभेत तोंडी वाचतात ते उत्तर आमच्या जिल्ह्याच्या ऑफिसातून वर जातं. म्हणजे माझ्या टेबलावरून.

"एम.ए. मराठी ना तुम्ही? 'अंशतः खरे आहे' लिहा. पुढे, 'चौकशी चालू आहे.'"

चौकशी चालू नाही. टाईप केलं.

१३ मार्च

वस्तीवर गेलो. आमदारांकडे अर्ज घेऊन गेलेली शेवंताबाई भेटली. तांब्या पुढे केला. पाण्यावर तेलाचा तवंग.

"प्या की, भाऊ. मंत्र्याला बी हेच पाजा."

प्यालो नाही. ती हसली. नातवाच्या पोटऱ्यांवर फोड. दुसरी विहीर दीड मैलावर.

१५ मार्च

उत्तरासोबत पूरक टिपणी जाते. सभागृहात उलट प्रश्न आला तर मंत्र्यांच्या हाताशी असावी म्हणून. साहेब ती वाचत नाहीत, फक्त सही. त्यात लिहिलं: कारखान्याच्या सांडपाण्याचा चर विहिरीपासून चाळीस फुटांवर. पाणी तपासलेले नाही. चौकशी सुरू झालेली नाही.

सही झाली. पाकीट गेलं.

पण कुणी विचारलंच नाही तर टिपणी मिटलेलीच राहील.

१७ मार्च

शेवंताबाईला सांगितलं, आमदारांना एवढंच विचारायला लावा: चौकशी कोणत्या तारखेला सुरू झाली?

"कुनी सांगितलं म्हनू?"

"माझं नाव नको."

"व्हय. म्हंजी तुमाला बी भ्या वाटतंय."

फुटलं तर नोकरी जाईल. घरी बोललो नाही.

२१ मार्च

आज प्रश्नोत्तराचा तास. आमचा सतरावा. तिथवर पोचतील की नाही? बारापासून फोनकडे कान.

दुपारी मुंबईहून ट्रंककॉल. साहेब उभे राहून, "हो सर. हो सर."

आमदारांनी तारीख विचारली. मंत्र्यांनी टिपणी उघडली आणि बोलेचनात. अध्यक्षांनी प्रश्न राखून ठेवला. पुन्हा येणार.

"टिपणी कुणी लिहिली?"

"सही आपली आहे, साहेब."

असं म्हणायला नको होतं. त्यांच्या दोन मुलींची लग्नं व्हायची आहेत. मला ते आत्ता आठवतंय.

२२ मार्च

सकाळी सहाच्या एस.टी.ने साहेब आणि मी मंत्र्यांनी मागवलेली मूळ फाइल घेऊन मुंबईला निघालो. खंडाळ्याला साहेबांनी फाइल उघडली आणि टिपणीची कार्बन प्रत पहिल्यांदाच वाचली.