उणे अठ्ठ्याऐंशी

१२ मे, सोमवार
आलो एकदाचा नागपुरात! रामटेकहून सकाळची बस, मांडीवर बॅग, तरी मूड असा की कंडक्टरलाही दोनदा थँक्यू म्हणालो. मानेवाड्यात खोली मिळाली. गच्चीला लागून, एक खिडकी, खिडकीत कूलर. घरमालकीण सुभद्राकाकूंनी कूलरला वाळ्याची नवीन खस लावून दिली आणि वरून दम भरला की टाकीत पाणी रोज तूच भरायचं बाबू, मी काही तुझी नोकर नाही. लगेच पुढचा प्रश्न : कॉलेज काहून सोडलं गा? मी म्हटलं, जमलं नाही. तिसऱ्या वर्षाला असताना सरांची कॉलर धरली हे पहिल्याच दिवशी काय सांगायचं! ते माझ्या वर्गातल्या नूपुरबद्दल बोलले होते. नूपुरबद्दल कोणी बोललं की माझं डोकं सटकतं, त्याला मी काय करू?

आईची एकच अट होती : माझं लोकेशन तिच्या मोबाइलवर कायम दिसलं पाहिजे. चालू करून दिलंय. ठिपका बघून तिला झोप लागते म्हणे.

नूपुर तीन महिन्यांपासून कुठे आहे ते कोणालाच माहीत नाही. घरातून गेली ती गेलीच. माझ्या मते पुण्याला किंवा इथे, नागपुरात. आता कामच असं मिळालंय की या शहरातल्या प्रत्येक दारावरून मी जाणार. एका दारामागे ती असेल. मी तिला शोधणार. त्यासाठीच ही नवी वही.

१४ मे, बुधवार
काम मजेशीर आहे. कंपनीचा मोबाइल हातात धरून गल्लीगल्लीत फिरायचं. कोणाच्या घरात कुठलं वायफाय आहे ते तो आपोआप टिपतो : नाव, मशीनचा नंबर, सिग्नल. पासवर्ड लागत नाही, फक्त ऐकायचं. ऑफिसातल्या मधुसूदन सरांनी गालात तंबाखू-सुपारीचा खर्रा धरून समजावलं की मोबाइलला स्वतःला काही समजत नसतं बे. इतवारीच्या गल्लीत आभाळ दिसत नाही, तिथे उपग्रह काय कामाचा? मग तो आजूबाजूचे वायफाय ऐकतो आणि आपल्या यादीला विचारतो, हे सगळे कुठे राहतात? यादी सांगेल तिथे तो स्वतःला समजतो.

सिग्नल उणे आकड्यात येतो. उणे नव्वद म्हणजे लांब, कसाबसा. उणे तीस म्हणजे हाताशी. शून्य कधी येत नाही.

आणि एक नियम. जे वायफाय आज इथे, उद्या तिथे सापडतं ते ‘भटकं’. लगेच यादीतून काढायचं. नाहीतर ते जिथे जाईल तिथले मोबाइल भलत्याच जागी जातात.

लोक नावं काय ठेवतात! आज ‘फुकट्या पुढे हो’ आणि ‘बाबा घरी आहेत’ अशी दोन सापडली. एकटाच हसत होतो भर उन्हात. पानठेल्यावरच्या माणसाने विचारलं, ऊन लागलं का गा?

१७ मे, शनिवार
सापडली!!

इतवारीत, दुपारी दीडला, सगळी दुकानं अर्ध्या शटरवर. यादीत एक ओळ आली : ‘काहून पाहिजे’. उणे अठ्ठ्याऐंशी.

ते नाव नूपुरनेच ठेवलं होतं. तिच्या वाढदिवसाला मी खिशात मावणारी वायफायची डबी दिली होती. सगळा वर्ग फुकटात नेट मागायचा, म्हणून हे नाव. नंबरही तोच. डबीच्या पोटावर छापलेला, मला पाठ आहे. तासभर गल्ल्या पालथ्या घातल्या. कोणी नाही. पण ती या शहरात आहे. आहे!

१९ मे, सोमवार
महालात परत दिसलं. उणे ऐंशी. मी उभा राहिलो की ते स्थिर राहतं. चाललो की माझ्या मागून चालतं.

ऑफिसात जुनी नोंद काढून बघितली. आधीच्या कोणा पोऱ्याने हे वायफाय पहिल्यांदा टिपलं ते २६ फेब्रुवारीला, मनसरकडच्या बंद खाणीजवळ. ही नोंद चुकीची असणार. असणारच.

सर म्हणाले की भटकं आहे, काढून टाक. मी नाही म्हटलं. ते म्हणाले, तुझ्या सासऱ्याचं आहे का? आवाज चढले. मी टेबलावर हात आपटला, खर्ऱ्याची पन्नी उडाली. शेवटी काढतो म्हणालो.

काढलं नाही. त्याच्यापुढे ‘स्थिर’ अशी खूण केली आणि पत्त्यात माझी खोली टाकली. मानेवाडा, वरचा मजला. असं लिहिताना छातीत काय झालं ते सांगता येत नाही. माप ओलांडून नवी नवरी घरात येते ना, तसं. आता यादीप्रमाणे ती माझ्याकडे राहते.

२१ मे, बुधवार
आज दुपारी खोलीत बसलो होतो. यादीत काकूंचं वायफाय, शेजाऱ्यांची तीसेक. आणि ‘काहून पाहिजे’. उणे चौऱ्याहत्तर. खिडकीतून वाकून पाहिलं. रस्त्यावर कुत्रंही नव्हतं.

संध्याकाळी काकू भलत्याच खूश. त्यांचं नेट बंद पडलं होतं, पण म्हणाल्या, तुझ्या वायफायवर माझी भजनं मस्त चालून राहिली बाबू, पासवर्डही नाही मागत. मी विचारलं, कुठलं वायफाय? त्यांनी मोबाइल दाखवला.

त्या डबीतल्या सिमचं रिचार्ज मीच करायचो. फेब्रुवारीपासून केलेलं नाही.

२३ मे, शुक्रवार
उणे अठ्ठावन्न.

इथे खरं लिहितो. वही कोण वाचतंय!

अकरा फेब्रुवारीला मी नूपुरला भेटलो होतो. तिच्या बाबांना सांगितलं भेटलो नाही, त्या खाणीवर तर कधी गेलोच नाही. पोलिसांनाही तेच सांगितलं. बाइकवरून आम्ही त्या खाणीवर गेलो होतो. खाली काळं पाणी साचलंय, एवढं खोल की दगड टाकला तर उशिरा वाजतो. ती म्हणाली की आता पुरे, अश्विन, तुझ्या रागाचं मला भ्या वाटते. आणि डबी माझ्या हातात परत दिली. मी डबी पाण्यात भिरकावली. बाइकला किक मारली. तिला तिथेच सोडून, हो, तिथेच, निघालो.

मागून तिने हाक मारली. एकदाच. मग पाणी वाजलं.

मी म्हटलं, दगड असेल. तिने रागाने दगड टाकला असेल. मी मागे वळून पाहिलं नाही.

ती डबी पाण्यात आहे. मीच फेकली. पाण्याखालून सिग्नल येत नाही, एवढं तर मला या कामात कळलंय.

२५ मे, रविवार
नवतपा लागला, सगळ्यात कडक उन्हाचे नऊ दिवस. पत्रे तडतडतायत. आणि माझ्या खोलीच्या कोपऱ्यात ओल.

उणे एक्केचाळीस. काढून टाकायचं ठरवलं. पण ‘स्थिर’ खूण केलेलं वायफाय काढायचा नियम वेगळा : त्याच्या पत्त्यावर जाऊन दहा मिनिटं मोबाइल धरून उभं राहायचं, या दहा मिनिटांत ते ऐकू येता कामा नये. माझ्याच खोलीत, माझ्याच पलंगापाशी दहा मिनिटं उभा राहिलो. उणे एक्केचाळीस. उणे चाळीस. उणे छत्तीस.

सरांच्या घरी पळालो. पाया पडलो. ते आधी हसले, मग माझ्याकडे पाहून हसायचे थांबले. त्यांनी स्वतः यादीतून माझा पत्ता काढून टाकला. म्हणाले, आता जुनी पहिली नोंद लागू होईल, ती उद्या खोडू, जा, ताक पी आणि झोप.

जुनी पहिली नोंद. खाणीची.

२६ मे, सोमवार
आईचा फोन. रडून राहिली होती. तू खाणीवर काहून गेला? मी म्हटलं आई, मी खोलीत आहे, कूलरसमोर. ती म्हणाली खोटं नको बोलू, तुझा ठिपका खाणीवर आहे, सकाळपासून. मी माझा मोबाइल पाहिला.

खाणीच्या काठावर. निळा ठिपका. मी.

शेजारची वायफाय एकेक करून यादीतून जातायत. सकाळी तीस होती. आता अकरा. उरलं त्यावरच मोबाइल विश्वास ठेवतो.

सर फोन उचलत नाहीत.

आईने ठिपका नूपुरच्या बाबांना दाखवला. घाबरून दाखवला. ते म्हणाले म्हणे, हा तर तिथे कधी गेलाच नव्हता ना?

२७ मे, मंगळवार
उणे बावीस. यादीत चार.

ठिपका काठावर नाही. आत सरकला. थोडा.

कूलर काळं पाणी फेकतोय. टाकी मी भरलेली नाही.

काकूंनी खालून विचारलं की पाव्हणी किती दिवस राहणार? जिन्यात पाणी सांडते, तिले सांग. मी विचारलं कोण पाव्हणी? त्या म्हणाल्या, बोलत नाही कुणाशी, पण पोरगी चांगली वाटते.

खाली जायचं तर जिन्यावरूनच—

२८ मे, दुपार
नूपुरचे बाबा खाणीवर आहेत. पोलीस आहेत, गळ टाकणारे आहेत. आईचा मेसेज आलाय, माझा फोन लागत नाही म्हणून. बाबा काठावर उभे राहून हाका मारतायत, माझ्या नावाने. ठिपका पाण्याच्या मधोमध आहे ना, त्यांना वाटतं मी—

सांगतो. सगळं सांगतो. अकरा फेब्रुवारीला मी तिथे होतो. हाक ऐकली होती. पाणी ऐकलं होतं. फोन लावतोय त्यांना, लागत नाही, रेंज नाही, मानेवाड्यात भर दुपारी रेंज—

उणे नऊ.

यादीत एकच ओळ. कूलर बंद. तरी गार. कानांना दडे बसल्यासारखे, सगळं लांबून—

उणे दोन. पाठीमागे खसचा वास नाही. तिचा—

शून्य.

हाक मारली. एकदाच. तशीच.

या वेळी मी मागे व