यीस्टची पुडी

प्रिय फेरिदे,

काडीमोड झालेल्या सुनेला सासूनं पत्र लिहू नये, असं माझी जाऊ म्हणते. म्हणू दे. तिला स्वतःच्या सुना विचारत नाहीत. दुमान पिल्लाचं सांगतेच, पण क्रमानं. तुला नेहमीच घाई.

तू घरात होतीस तेव्हा कुत्र्यांना लस टोचा, लस टोचा म्हणून माझ्या लेकाचं, ताहसिनचं, डोकं खायचीस. या वेळी खायला कुणी नव्हतं. आपल्या कारा कुत्रीची बाकीची पिल्लं पार्व्होच्या साथीत गेली, दुमान तेवढा उरला. डॉक्टरनं सलाईन लावलं, उलट्या थांबल्या, पण रक्ताची हगवण काही थांबेना. हा धनगरी कुत्र्याचा बच्चा, मोठा होऊन लांडग्यावर धावून जाणारा, तो माझ्या मांडीवर चिंधीसारखा पडून होता. मला रडू आलं, म्हणून तर तुला फोन केला.

तू सिवासहून दुधाच्या गाडीबरोबर यीस्टची पुडी पाठवलीस आणि मला वाटलं, पोरीचं डोकं फिरलं. यीस्ट पावाच्या पिठात घालतात, आजारी कुत्र्याच्या पोटात कशाला? तर तू फोनवर उखडलीस. आई, ते पावाचं नव्हे, हे औषधी आहे, आणि कणकेत घालाल तर बघा, म्हणालीस. या विषाणूवर थेट औषध नाही, अंगातलं पाणी टिकवा, ऊब द्या. यीस्टनं रोग जात नाही, आतड्याला आधार तेवढा मिळतो, असंही बजावलंस. बोलता बोलता मला आई म्हणालीस, ते तुझ्या लक्षात तरी आलं का? काडीमोडानंतर तू मला परक्या बाईला म्हणावं तसं गुलिझार हानिम म्हणत होतीस.

यीस्ट पाण्यात कालवून सिरिंजनं थोडं थोडं पाजत राहिले. एका सकाळी त्याची शी घट्ट झाली. हसू नकोस, शेजारणीला बोलावून दाखवली मी. आता ताक पितो आणि माझे मोजे पळवतो. डॉक्टरनं वेगळं ठेवायला सांगितलं होतं, तेही दिवस संपले.

ताहसिन दुसरं लग्न करतोय, तुझ्या कानावर आलंच असेल. मुलगी चांगली आहे, कुत्र्यांना घाबरते एवढंच. तुमचं जे मोडलं ते जोडायला मी लिहीत नाहीये. पण आमच्या घरचं पिल्लू आम्ही विकत नाही आणि परक्याला देत नाही, हे तुला ठाऊक आहे. सरपंच मागून मागून थकला, त्यालाही नाही म्हटलं. दुमान उद्या दुधाच्या गाडीतून तुझ्याकडे येतोय. कुणाला विचारलेलं नाही, आणि विचारणारही नाही.

तुझीच,
आई