पैनगंगेपलीकडं गेलेली चंद्री

चैत्र व. ४, शके १८६२

आज पंचांपुढं माझ्या लेकाची, चि. किसनची, फारकत झाली. काडी मोडली, दोन तुकडे दोघांच्या हातात. नवी बायको आणून झालीच होती, आता जुनीची वाट मोकळी. राहिली पोर. पाटील म्हणाले, "पितं पोर आईचं, चालतं पोर बापाचं. आपली रीतच हाय." चंद्री चौथ्या वर्षात. चालते कसली, करडावाणी उड्या मारते. तेवढ्यात जुनी सून गिरजा म्हणाली, "पोर अजून अंगावर पितीय."

पंच खो खो हसले. शेवटी दोन बायांना तिच्याबरोबर आत धाडलं, खरं का खोटं पाहायला. बाहेर मिशांवाले पान चघळत वाट पाहायलेत. शिसारी आली. उठून बैलापाशी जाऊन उभा राहिलो. तेवढीच चांगली संगत.

बाया बाहेर आल्या. "पितीय." निकाल असा : दूध तुटलं की पोर बापाकडं. तोवर आईपाशी, पण पंचांना विचारल्याबिगर गाव सोडायचं नाही.

सवयीनं 'सौ. गिरजा' लिहून गेलो. खोडलं.

चैत्र अमावास्या

गिरजा वरल्या आळीत भावाकडं आहे. गुळाचा खडा घेऊन गेलो. चंद्री मांडीवर येऊन बसली. "आज्या, नव्या बाईला माझी वाकळ देऊ नका बरं." काय सांगू? बाईनं ती कधीच गोठ्यात टाकली आहे.

निघताना गिरजा हळूच म्हणाली, "मामा, दूध तर वरीस झालं आटून. त्या बायांनी पदर घातला म्हणून पोर माझ्यापाशी हाय."

"मला ऐकू कमी येतं," म्हणालो.

हसली. किती दिवसांनी.

वैशाख शु. ३

सणाचं पुरण खाताना कि. ला आठवण झाली ती व्यायला आलेल्या गाईची. पोरीचं नाव नाही. ताट तसंच सारलं.

वैशाख व. ७

गिरजा गेली. वाशिमकडच्या एका बिजवराशी पाट लागला, पैनगंगेच्या पलीकडं. चंद्रीला घेऊन गेली. पंचांना विचारलं नाही. विचारलं असतं तर हो म्हणाले असते थोडेच.

कि. शेतातल्या आखाड्यावर, गुरांपाशी, नाचत आला. "माझं पोर दुसऱ्याच्या उंबऱ्यात? नाक कापलं माझं!"

म्हटलं, "नाकाचं राहू दे. पोरीला जेवताना काय लागतं, तेवढं सांग."

"त्ये बायकांचं काम हाय."

म्हणजे ठाऊक नाही. (दुधात कुस्करलेली भाकर, वर मीठ. गूळ नाही.)

मलाही ती पाहिजेच आहे. खोटं कशाला लिहू? दारात करडू ओरडलं तरी मान वळते.

ज्येष्ठ शु. ५

जिंतूर. वकील पंख्याखाली, आम्ही उन्हात. पोराच्या ताब्याचं विचारलं तर हसला. "वऱ्हाड नावाला आपल्याच निजाम सरकारचं, हुकूम चालतो इंग्रजाचा. इथला निकाल घेऊन आपला शिपाई पैनगंगा ओलांडू शकत नाही. तिकडं दुसरी अर्जी, दुसरं कोर्ट. तोवर पोरीचं लग्न होईल." मग आवाज बारीक केला. "चोरीला मात्र दोन्ही सरकारं एक होतात. दागिना घेऊन पळाली म्हणा. बाई बेडीत येते, पोर तिच्या पदराला धरून आपोआप."

मी विचारलं, "कोणता दागिना?"

"असंल की घरात काहीतरी."

कि. लगेच, "आईचे तोडे!"

ते तोडे चंद्रीच्या बारशाला मीच गिरजाला दिले. सगळ्या गावादेखत. कि. ही तिथंच होता, पेढे खात.

वकील म्हणाला, "म्हाताऱ्याची सही घ्या. खुद्द सासरा बोलला की मुन्सफ डोळे झाकून ऐकतो."  

ज्येष्ठ शु. १०

अर्जी तयार होऊन आली. सगळी उर्दूत. गुरं राखत दगडावर रेघोट्या ओढून मी शिकलो ती बाळबोध. या कागदात मी काय काय बोललोय, देव जाणे.

"दादा, तुमाला नात पाह्यजे का नको?" कि. नं विचारलं.

"पाह्यजे."

"मंग करा की सही."

"तिच्या मायला बेडी घालून?"

"ती तुमची कोण लागती आता?"

 आपल्याच अंगणात थुंकलो.

दिवसभर घोळतंय. बाया खोटं बोलल्या ते मला गोड लागलं, मग हे कडू का? तिथं कुणाला बेडी पडली नव्हती. एवढाच फरक, पण लय मोठा.

ज्येष्ठ पौर्णिमा

सही करणार नाही म्हणून सांगितलं. वाटलं, चिडेल. कि. शांतपणे तंबाखू मळत म्हणाला, "नका करू. पाटील करायलेत."

ज्यांनी पंचात बसून पोर आईला दिली तेच! तोडे त्यांच्या डोळ्यांदेखत दिलेले. कुंपणच शेत खाऊ लागलं. मी मुन्सफापुढं जाऊन खरं सांगीन, सोडणार नाही. पण मुन्सफ ऐकणार कधी? तोवर गिरजा कोठडीत न् चंद्री या घरात, गोठ्यातल्या वाकळेवर. वारंट निघायला आता वेळ नाही म्हणतात.

ज्येष्ठ व. २

निघतोय. लेकीकडं जातो म्हणालो. कि. नं कुठली लेक, कुठलं गाव, काही विचारलं नाही. भाकरी बांधून घेतल्या. नदीला अजून उतार आहे.

गिरजाला सांगायचं : तुझ्या नावानं वारंट येतंय, इथंही राहू नको. नवऱ्याला घे, पोरीला घे, आणखी लांब जा. कुठं ते मला सांगू नको. मुन्सफानं शपथ घालून विचारलं तर माझ्याच्यानं लपवणं व्हायचं नाही.

घोकून ठेवलं आहे. पण चंद्री आधी दारात आली अन् गळ्यात पडली, तर यातलं किती तोंडातून निघेल?